१२४८ सीसी म्हणजे १.२ की १.३? गणिताच्या बाईंची फजिती

शून्यलब्धी:
नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, पण हसून झाल्यावर उत्तर द्या.

बाबांची डिझेल गाडी आता माझ्याकडे आली आहे. चालवत मी आधीपासून होते, पण बॉनेट उघडणं हे बाबांचं खातं. परवा ऑइल बदलायचं ठरवलं आणि फिल्टरसाठी दुकानात फोन केला. पलीकडून प्रश्न आला, "इंजिन कितीचं?"

मी नोंदणीचा कागद काढला. त्यावर १२४८. आता मी शाळेत गणित शिकवते. १२४८ घन सेंटीमीटर म्हणजे १.२४८ लिटर, एका दशांश स्थळापर्यंत १.२. पुढचा अंक चार आहे, पाचापेक्षा लहान, सोडून द्यायचा. वर्षानुवर्षं फळ्यावर हेच लिहीत आले आहे. तेव्हा ऐटीत सांगितलं, "एक पॉइंट दोन."

फिल्टर आला. मेकॅनिकने तो हातात घेतला, इंजिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हा पेट्रोलवाल्याचा आहे." मग मला गाडीच्या मागे नेऊन उभं केलं. डिकीवर ठसठशीत अक्षरात १.३. इतकी वर्षं त्याच डिकीत सामान टाकतेय, कधी वाचलंच नव्हतं.

तर माझे प्रश्न:

कागद खरा की डिकी? १२४८ चे १.३ कुठल्या गणिताने होतात?

दुसरं, हे १२४८ नेमकं कशाचं माप आहे? आत्तापर्यंत मला वाटायचं की इंजिनात तेवढं ऑइल मावत असेल. पण मेकॅनिकने तर तीन लिटरच्या आसपास ओतलं. (हो, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. एका दिवसात एकच फजिती पुरे.)

आणि पुढच्या वेळी दुकानदाराला काय सांगायचं?

चौथागिअर:
कागद खरा, डिकी खोटी. मागचे बिल्ले लोक हौसेने बदलतात. सीसी म्हणजे इंजिनची ताकद. जास्त सीसी, जास्त ताकद. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

विजेवरचा:
इलेक्ट्रिक घ्या. सीसी नाही, फिल्टर नाही, फजिती नाही.

बोअरगेज:
चौथागिअर, पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे, दुसऱ्यावर नंतर येतो. आधी बाईंचं.

बाई, मी बावीस वर्षं इंजिनचे ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य भाग, बोअर केले, म्हणजे आतून कोरून मोठे केले. झिजलेला ब्लॉक यायचा, सिलिंडरमध्ये गेज उतरवायचा, वर, मधे, खाली मोजायचं, आडवं मोजायचं, उभं मोजायचं, मग ठरवायचं किती काढायचं. म्हणून सीसी माझ्यासाठी कागदावरचा आकडा नाही, त्यात मी हात घातलेला आहे.

तुम्ही इंजेक्शनची सिरिंज पाहिली आहे ना, पाच सीसीची, दहा सीसीची? तोच सीसी. दट्ट्या तळापासून वर ओढला की जेवढी जागा मोकळी होते तेवढे सीसी. इंजिनात सिरिंजच्या नळीच्या जागी सिलिंडर आणि दट्ट्याच्या जागी पिस्टन. पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा झाडून काढतो तेवढं एका सिलिंडरचं माप. असे जितके सिलिंडर तितक्या पटीने इंजिनचं माप. ऑइलचा याच्याशी काही संबंध नाही. ऑइल खाली चेंबरमध्ये असतं. डिझेल मावण्याचाही संबंध नाही. हे माप हवेचं आहे.

आता गंमत, तुमच्या विषयातली. १२४८ सीसीचं डिझेल आणि मागे १.३ म्हटल्यावर ते जवळजवळ नक्कीच फियाटचं १.३ मल्टिजेट. २००३ च्या सुमारास आलेलं इंजिन, फियाटच्या गाड्यांत बसलं, ओपेलच्या बसलं, सुझुकीच्या बसलं. त्याच्या सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर. चार सिलिंडर. व्यासाला आम्ही बोअर म्हणतो, धावेला स्ट्रोक. वृत्तचितीचं घनफळ काढायला मी तुम्हाला काय शिकवणार? करून बघा आणि इथे लिहा.

अजून एक. तुमच्या इंजिनसारख्या फोर-स्ट्रोकमध्ये क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, दोनदा फिरला की प्रत्येक सिलिंडर एकदा हवा ओढतो. म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा २००० वर असताना मिनिटाला हजार वेळा १२४८ सीसी. सरळ १२४८ लिटर. दर मिनिटाला! तेही टर्बोची, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या पंख्याची, भर न धरता. फक्त २००० लाच हे असं जमतं, सीसीचे तेवढेच लिटर. आमच्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे सांगायचो, मग ती एअर फिल्टर साफ करायचा कंटाळा करायची नाहीत.

आता कागद की डिकी. दोन्ही खरे. कागदावर माप आहे, डिकीवर नाव आहे. तुमचं नाव शून्यलब्धी, म्हणून तुमची लब्धी शून्य असते का? त्याच कंपनीचं १२४२ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते १.२ नावाने विकलं जायचं. १२४८ च्या डिझेललाही १.२ म्हटलं असतं तर तुमच्यासारखे घोटाळे रोज झाले असते. त्यासाठीच १.३ केलं का, हा माझा अंदाज, कंपनीने मला विचारलं नव्हतं. फोर्डचंही असंच. त्यांच्या ३०२ क्युबिक इंचाच्या व्ही-आठचं माप ४९४२ सीसी, नियमाने ४.९ व्हायला हवं. पण ते जगभर ५.० म्हणून ओळखलं गेलं. ४.९ हे नाव त्यांच्याच ३०० क्युबिक इंचाच्या सरळ सहा सिलिंडरवाल्याकडे होतं.

दुकानदाराला काय सांगायचं ते रात्री लिहितो. चष्मा पुसायला हवा.

निवांत_प्रवासी:
डिकीवरच्या नावांची आणखी भर घालतो. जुन्या काळी बीएमडब्ल्यूच्या मागचे शेवटचे दोन आकडे वाचले की इंजिन कळायचं. ३२५ म्हणजे अडीच लिटर, बहुतेक वेळा. नंतर ते सुटलं. २०१२ च्या आसपासच्या ३२८ मध्ये दोन लिटरचं टर्बो आहे. आणि त्याच्या बऱ्याच आधीच्या, २००२ च्या आसपासच्या ३१६ मध्ये १.६ नाही तर १.८ आहे! म्हणजे नाव कधी मापापेक्षा मोठं, कधी लहान. मर्सिडीजच्या पहिल्या सी ६३ चं इंजिन ६२०८ सीसी होतं, नियमाने ६.२, नावात ६३. ऑडीने तर हल्ली ३५, ४०, ४५ असे आकडे लावलेत, त्यांचा लिटरशी संबंधच नाही, ते ताकदीचे टप्पे आहेत. आमच्या एका स्नेह्याने ४० बघून "चार लिटर!" म्हणून डोळे मोठे केले होते. आत दोनच लिटर होतं.

सगळ्यात गोड म्हणजे सित्रोएनची टू-सीव्ही. नावातले दोन घोडे फ्रान्समधल्या कराच्या हिशोबातले. सुरुवातीला आत होतं ३७५ सीसी. पुढे वाढत वाढत ६०२ झालं, तरी गाडीचं नाव तेच. माणसाचं वजन वाढलं म्हणून नाव कुठे बदलतं?

शून्यलब्धी:
बोअरगेज काका, (वयाचा अंदाज बावीस वर्षांवरून केला, चुकला असेल तर माफ करा) गृहपाठ केला.

त्रिज्या ३.४८ सेंमी, वर्ग १२.११०४. गुणिले ८.२, झाले ९९.३०५ च्या जवळ. गुणिले पाय, ३११.९८. गुणिले चार, १२४७.९. म्हणजे १२४८! मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली.

मग सवयीने २२ भागिले ७ घेऊन केलं, तर १२४८.४ आलं. म्हणजे शाळेतल्या पायने माझं इंजिन अर्धा सीसी मोठं झालं. सोमवारी हे उदाहरण वर्गात देणार आहे. आत्तापर्यंत पाण्याच्या टाक्या भरून भरून मुलं आणि मी दोघंही कंटाळलो होतो.

पण एक शंका. पिस्टन अगदी वर गेला तरी वर थोडी जागा उरत असेल ना? ती धरायची की नाही?

बोअरगेज:
काका चालेल. खरं तर आजोबा चालेल.

शंका नेमकी काढलीत. धरायची नाही. सीसी फक्त पिस्टनने झाडलेल्या जागेचे. वर उरते ती जागा वेगळी, तिथे हवा दाबून बसवली जाते. कॉम्प्रेशन रेशो म्हणतात तो त्यावरून निघतो: पिस्टन तळाशी असतानाची सगळी जागा भागिले वर असताना उरलेली जागा. टोयोटाच्या एका १४९७ सीसी पेट्रोलचा रेशो १०.५ आहे. एका सिलिंडरचे ३७४ सीसी. मग वर किती उरलं? ३७४ भागिले ९.५, सुमारे ३९ सीसी. साडेनऊ का आणि साडेदहा का नाही, हे तुमच्या वर्गातल्या हुशार पोरांना विचारा.

आता चौथागिअरच्या वाक्याकडे येतो. जास्त सीसी, जास्त ताकद. टर्बो नसताना, आणि एका काळातली दोन इंजिनं शेजारी ठेवली तर, ढोबळ मानाने हो. पण बाईंचंच इंजिन बघ. तेच १२४८ सीसी, तोच बोअर, तोच स्ट्रोक, आणि ते ७० हॉर्सपॉवरमध्ये आलं, ७५ मध्ये आलं, ९० मध्ये आलं, ९५ मध्येही आलं. सीसी एकाचाही फरक नाही. फरक टर्बोचा आणि डिझेल किती, कधी सोडायचं याचा. इंजिनला ताकद सीसी देत नाहीत, जाळलेलं इंधन देतं, आणि इंधन जाळायला हवा लागते. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो. मोठा सिलिंडर जास्त हवा ओढतो, एवढाच सीसीचा मोठेपणा. टर्बो तीच हवा दाबून कोंबतो, मग लहान सिलिंडरमध्येही जास्त मावते. फोर्डचं ९९९ सीसीचं तीन सिलिंडरवालं इकोबूस्ट १२५ हॉर्सपॉवर देतं. मी कामाला लागलो तेव्हा एवढ्या ताकदीसाठी दोन लिटरचं इंजिन लागायचं, आणि तेही चांगलं असेल तर.

मग सीसीला एवढं महत्त्व का, तर बऱ्याच ठिकाणी कर सीसीवर लागतो म्हणून. १००० च्या जागी ९९९, २००० च्या जागी १९९८ असे आकडे दिसतात ना, ते बरेचदा रेषेच्या आत राहण्यासाठी. जपानमध्ये केई नावाच्या चिमुकल्या गाड्या असतात, त्यांना १९९० पासून ६६० सीसीची मर्यादा आहे, त्याआधी ५५० होती आणि त्याच्याही आधी ३६०. मर्यादा सरकली तशी इंजिनंही सरकली.

मला सगळ्यात आवडणारा किस्सा ब्रिटनचा. तिथे १९२१ पासून गाडीवरचा कर हॉर्सपॉवरवर होता, आणि हॉर्सपॉवर मोजायचं सूत्र काय, तर इंचातल्या बोअरचा वर्ग गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. स्ट्रोकचा त्यात पत्ताच नाही! मग इंजिन बनवणारे काय करणार? बोअर बारीक ठेवला आणि स्ट्रोक लांबवला. घनफळ तेवढंच, कर कमी. उंच, सडपातळ सिलिंडरची इंजिनं पंचवीसेक वर्षं बनत राहिली. सूत्राने इंजिनचा आकार ठरवला. बाई, हेही वर्गात सांगा.

चौथागिअर:
मान्य. ढोबळ मानाने हा शब्द माझ्या मनात होता, टायपायचा राहिला. :)

निवांत_प्रवासी:
बोअरगेज, टोयोटाचा विषय काढलात म्हणून माझी जखम दाखवतो.

मी एक वापरलेली टोयोटा घेतली होती. कागदावर १२९८ सीसी. गाडी झकास पळायची, मी खूश. वर्षभराने काही कामासाठी मेकॅनिकने ब्लॉकवरची तेलकट धूळ पुसली आणि म्हणाला, "हे २एनझेड नाही, १एनझेड आहे." मला वाटलं एक म्हणजे लहान, दोन म्हणजे मोठं, म्हणजे मला लहान इंजिन लावून फसवलं. उलटंच निघालं. १एनझेड १४९७ सीसीचं आणि २एनझेड १२९८ चं. आधीच्या मालकाने कधीतरी इंजिन बदललं होतं आणि कागदावर नोंद केलीच नव्हती. विकताना तोंडातून चकार शब्द नाही. इंजिन मोठं मिळालं म्हणून आनंद मानावा, तर विमा होता तेराशेच्या गाडीचा. कागद सरळ करण्यात माझे जे महिने गेले ते आठवले की अजून डोकं दुखतं.

तेव्हा बाई, नुसता कागद वाचू नका. ब्लॉकवर ठोकलेला नंबर कागदावरच्या इंजिन नंबराशी ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, एक फडकं आणि टॉर्च.

बोअरगेज:
निवांत, तुझ्या इंजिनची गंमत तुला ठाऊक आहे का? १एनझेड आणि २एनझेड, दोघांचा बोअर एकच, ७५ मिलिमीटर. फरक फक्त स्ट्रोकचा: एकाचा ८४.७, दुसऱ्याचा ७३.५. वरून हेड काढून सिलिंडरमध्ये गेज घातला तरी कळणार नाही कोणतं आहे. पिस्टन वरून खाली किती जातो ते मोजावं लागतं. मीसुद्धा फसलो असतो.

नुसत्या बोअरने फसायची दुसरीही तऱ्हा आहे. झिजलेला १एनझेड अर्धा मिलिमीटर बोअर करून मोठे पिस्टन टाकले तर बोअर ७५.५ होतो. स्ट्रोक तोच. हिशोब करा, १५१७ सीसी येतात. वीस सीसी वाढले! कागद १४९७ म्हणतो, नंबरही जुळतो, आणि तरी इंजिन कागदापेक्षा मोठं. माझ्या हातून अशी किती इंजिनं थोडी थोडी मोठी झाली असतील, मोजलं नाही.

आता बाईंचा तिसरा प्रश्न.

इंजिनचा कोड शोधा. नोंदणीच्या कागदावर इंजिन नंबर असतो, बऱ्याच गाड्यांत त्याची सुरुवातीची अक्षरं म्हणजेच कोड. नाहीतर ब्लॉकवर ठोकलेला असतो, किंवा दाराच्या चौकटीवरच्या वा बॉनेटखालच्या पट्टीवर. तुमचंच इंजिन ओपेलमध्ये असेल तर झेड१३डीटी, सुझुकीत असेल तर डी१३ए. बघा, १३ तिथेही आहे. बऱ्याच कंपन्यांच्या कोडमध्ये लिटर असे दडलेले असतात. होंडाचं के२० म्हणजे दोन लिटर, के२४ म्हणजे २.४. निसानचं व्हीक्यू३५ म्हणजे साडेतीन. पण निवांतची टोयोटा या नियमात बसत नाही. तिथे पहिला आकडा म्हणजे त्या घराण्यातला अनुक्रमांक. २जेझेड तीन लिटरचं आणि १जेझेड अडीचचं. हा आकडा लिटर समजून वाचायला जाल तर पुन्हा फिल्टर परत.

कोड सापडला नाही तर चॅसी नंबर सांगा. सतरा अक्षर-आकड्यांचा असतो, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. त्यात सीसी लिहिलेले नसतात, पण दुकानदाराने तो कंपनीच्या यादीत टाकला की तुमच्याच गाडीला कारखान्यात काय बसवलं होतं ते समोर येतं. कारखान्यात, हे लक्षात ठेवा. निवांतसारखं नंतर कोणी काही बदललं असेल तर ती यादी काय सांगणार?

आणि सीसी सांगायचेच तर पूर्ण सांगा, बाराशे अठ्ठेचाळीस, डिझेल. दशांश चिन्ह दुकानात न्यायचंच नाही.

विजेवरचा:
एवढं सगळं वाचून मीही आज माझ्या गाडीचा कागद काढला. सीसीच्या रकान्यात शून्य आहे. खरी शून्यलब्धी माझीच.

शून्यलब्धी:
विजेवरचा, :))

काल फडकं आणि टॉर्च घेऊन बॉनेट उघडलं. ब्लॉकवरचा नंबर शोधायला अर्धा तास आणि एक चांगला कुर्ता गेला, पण सापडला. कागदाशी जुळतो. बाबांनी गाडीच्या पुस्तिकेत, शेवटच्या पानावर, पेन्सिलीने तोच नंबर लिहून ठेवला होता. खाली फिल्टरचा नंबरही. ती पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये माझ्या गॉगलखाली पडून होती.

वर्गात साडेनऊचं उत्तर एका मुलीने दिलं: "बाई, खालची सगळी जागा धरली की वरची जागा त्यात एकदा आलेलीच असते, म्हणून एक वजा." मी विचारलं कसं सुचलं, तर म्हणाली सिरिंजचं चित्र काढलं.

आज दुकानात पुन्हा फोन केला. कोड वाचून दाखवला, चॅसी नंबर सांगितला, बाराशे अठ्ठेचाळीस डिझेल म्हणाले. तो म्हणाला, "म्हणजे एक पॉइंट तीन ना?"

मी म्हटलं, "तुमच्या गणितात, हो."